पट्ट्या मोजण्याचे शास्त्र

नाविक गणवेशावरच्या खुणा वाचू पाहणाऱ्याने आधी एवढे पाठ करावे, की 'मुलगा नेव्हीत आहे' आणि 'मुलगा बोटीवर आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. बोळिंजमध्ये एका गृहस्थांना हे मान्य नाही. ते आमचे भावजी. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मालवाहू बोटीवर फोर्थ इंजिनीअर आहे. त्याचा फोटो मोबाइलात उघडा ठेवूनच भावजी अर्णाळ्याच्या बसमध्ये चढतात.

नियम पहिला: वेटोळे शोधावे. नौदलात सर्वांत वरच्या सोनेरी पट्टीला वेटोळे असते. एक पट्टी सब-लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कमांडर, चार कॅप्टन. दोन जाड पट्ट्यांमध्ये एक बारीक दिसली तर अडीच म्हणावे आणि लेफ्टनंट कमांडर समजावे. पुढे मोजणाऱ्याची फजिती आहे. चारावर पाच नाही. कमोडोरच्या बाहीवर एकच पट्टी, पण चांगली रुंद. "एकच? पोरगा नवा दिसतोय," असे एका पिकल्या केसांच्या कमोडोरच्या फोटोबद्दल भावजी म्हणाले होते.

नियम दुसरा: ॲडमिरल मंडळींच्या खांद्यावर अष्टकोन बघावा. शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला हा अष्टकोन 2022 साली नौदलाच्या निशाणावर आला आणि 2023 च्या डिसेंबरअखेर खांद्यावर चढला. हे मात्र भावजींना तोंडपाठ. 18 जून 2025 ला विशाखापट्टणममध्ये 'आयएनएस अर्णाळा' नौदलात दाखल झाली, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. जणू भाचाच ती चालवत आणणार होता.

नियम तिसरा: वरातीतल्या बँडमास्तरच्या झालरी मोजू नयेत.

नियम चौथा: मर्चंट नेव्हीत रंग बघावा. चार पट्ट्या कॅप्टनला असतात, तशा चीफ इंजिनीअरलाही. पण इंजिनीअरच्या सोनेरीलगत जांभळे असते. टायटॅनिकवर बुडालेल्या इंजिनीअरांच्या सन्मानार्थ हा रंग दिला, असे सांगतात. खोटे आहे. टायटॅनिक बुडाले 1912 साली. ब्रिटिश आरमारातले इंजिनीअर 1863 पासूनच जांभळा लावत होते. हे सांगितल्यावर भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता त्या फोटोतल्या पांढऱ्या शर्टाबद्दल. भाचा म्हणतो, "मामा, बंदरात कोणी तपासणीला चढलं की तो घालायचा." एरवी इंजिनरूममध्ये बॉयलर सूट, तेलाने काळवंडलेला, खांदे मोकळे. एका पट्टीची जुनी जोडी ताईने कपाटात शालीच्या घडीत ठेवली आहे. बॉयलर सूटचे मी भावजींना सांगितलेले नाही. बसमध्ये भेटले तर तुम्हीही सांगू नका, फोटो दाखवलाच, तर "नेव्हीत का?" एवढेच विचारा.