मीटरवरच्या आकड्याला साक्षीदार कोण?

जुनी इम्पोर्टेड गाडी बघायला गेलेल्या माणसाची नजर आधी मीटरवर जाते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्या आकड्याची तयारी त्याने आधीच करून ठेवलेली असते. आठ वर्षांची जर्मन सेडान, मीटरवर ३८,०००. ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, एकदम शोरूम कंडिशन.’ एवढ्यावर भाव लाखांनी चढतो आणि टोकन दिलं जातं. हा आकडा खरा आहे असं सांगणारा विकणाऱ्याखेरीज आणखी कोणी आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.

डिजिटल मीटर मागे घेता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो सोडून द्या. यांत्रिक मीटर उघडावं लागायचं, स्क्रूवर ओरखडे राहायचे, आकड्यांची चाकं एका रेषेत बसायची नाहीत. आता बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लॅपटॉप जोडला की काम होतं आणि बाहेरून काही दिसत नाही. पण महागड्या गाडीत किलोमीटर एकाच जागी साठत नाहीत. डॅशबोर्डवर दिसतात तसे ते इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये असतात, गिअरबॉक्सच्या युनिटमध्येही असतात, आणि बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेल्समध्ये चक्क चावीत असतात. स्वस्तात मीटर मागे घेणारा फक्त डॅशबोर्ड बदलतो. म्हणून गाडीवर पहिला खर्च करायचा तो त्या ब्रँडची सगळी युनिट्स वाचणाऱ्या स्कॅनरवर, आणि स्कॅन करणारा माणूस तुमचा हवा. विकणाऱ्याने आणलेल्या माणसाने काढलेला रिपोर्ट हातातही घेऊ नका.

स्कॅन होत असताना इंजिन किती तास चाललं आहे तेही बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत ही नोंद मिळते. मीटरवर २०,००० किलोमीटर आणि इंजिनचे तास २,५००, म्हणजे सरासरी वेग ताशी ८ किलोमीटर. एक तर आकडा खोटा आहे, नाहीतर साहेब मीटिंगमध्ये असताना ड्रायव्हरने वर्षानुवर्षं एसी लावून गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवली आहे. दुसरी शक्यता मुंबई-पुण्यात अगदी रोजची आहे. तिथे मीटर खरं बोलतं आणि इंजिन तरीही दमलेलं असतं. कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, हे समीकरण इथेच मोडतं. आठ वर्षांत १५,००० किलोमीटर चाललेल्या गाडीची रबरी सीलं कडक होतात, बॅटरी मरते, टाकीत पेट्रोल शिळं होतं. दर वर्षी वेळेवर सर्व्हिस झालेली ९०,००० किलोमीटरची गाडी मी तिच्याआधी घेईन.

सर्व्हिस हिस्टरीबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. वॉरंटी असेपर्यंत गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जाते आणि प्रत्येक जॉब कार्डवर किलोमीटर लिहिले जातात. वॉरंटी संपली की बिलं परवडत नाहीत, गाडी बाहेरच्या गॅरेजला जाऊ लागते आणि कंपनीकडची नोंद तिथेच थांबते. मीटर मागे घेतलं जातं ते या थांबलेल्या काळात. हुशार विकणारा शेवटच्या नोंदीच्या खाली कधी जात नाही. शेवटचं जॉब कार्ड ६२,००० चं असेल आणि गाडी प्रत्यक्षात १,१०,००० चालली असेल, तर तो मीटर ६८,००० वर आणून ठेवतो. मग हिस्टरी काढा नाहीतर आणखी काही करा, सगळं जुळतं. म्हणून कंपनीच्या नोंदीवरून एवढंच कळतं, की गाडी किमान इतकी चालली आहे. त्यापुढच्या वर्षांसाठी बाहेरच्या गॅरेजची बिलं, टायरची बिलं आणि फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. फास्टॅगचं स्टेटमेंट फार कमी लोक मागतात आणि ते मीटरपेक्षा खरं बोलतं. ‘गाडी फक्त रविवारी काढतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या टॅगवर एक्सप्रेसवेचा टोल आठवड्यातून चारदा कापला जात असेल, तर बोलणं तिथेच संपवा. ई-चलनही बघा. त्यावर तारीख असते, ठिकाण असतं.

मग गाडीजवळ जा. सकाळच्या उजेडात जा. बेसमेंट पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली गाडी दाखवणाऱ्याला ती बाहेर काढायला सांगा. ड्रायव्हरचं दार उघडा आणि सीटचा बाहेरच्या बाजूचा उंचवटा बघा. चढता-उतरताना माणूस त्याच्यावरच घासतो. तिथलं लेदर तडकलं असेल, आतला फोम बसला असेल, तर ३८,००० वर विश्वास ठेवू नका. स्टीअरिंगच्या वरच्या दोन्ही बाजू जिथे हात राहतात तिथे चकाकत असतील आणि बाकी स्टीअरिंग मॅट असेल, तर ती चकाकी हजारो तासांच्या घामाची आहे. ब्रेक पेडलचं रबर कोरं नवं आणि शेजारचं अॅक्सिलरेटर घासलेलं, हे जुळत नाही. नवं रबर कोणी आणि का लावलं, हे विचारा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर १८,००० आणि चारही टायर २०२२ चे, असं असेल तर पहिले टायर कुठे गेले? इतक्या कमी अंतरात चारही टायर संपत नाहीत. काचांवरही बनवल्याची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी, म्हणजे ती काच कधीतरी फुटली आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असली, तर गाडी पुरातून आली आहे. मुंबईतल्या २६ जुलै २००५ नंतर आणि सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायची गरज पडू नये.

आतापर्यंतचं झालं ते नवी इम्पोर्ट होऊन इथेच वापरलेल्या गाडीचं. (‘इम्पोर्टेड’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या बऱ्याच मर्सिडीज चाकणला जोडलेल्या असतात आणि बऱ्याच बीएमडब्ल्यू चेन्नईला. त्यात वाईट काही नाही, पण इम्पोर्टेडचा भाव मोजू नका.) परदेशात वापरून मग इथे आणलेल्या गाडीचं गणित अवघड आहे, आणि त्यात एक मोठं भोक आहे.

आपला आयात नियम सांगतो की वापरलेली गाडी तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टीअरिंग उजवीकडे असावं, वेग किलोमीटरमध्ये दिसावा, पुढची किमान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी असावी, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. आली की पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत तपासणी. नियम कडक आहे आणि जुना भंगार माल देशात येऊ नये म्हणून तो हवाच. आता ज्या देशांतून उजव्या स्टीअरिंगच्या गाड्या येऊ शकतात त्यांतले दोन मोठे देश घ्या, ब्रिटन आणि जपान. ब्रिटनमध्ये एमओटी नावाची वार्षिक तपासणी असते. दर वेळी मीटरचा आकडा नोंदला जातो आणि गाडीचा नंबर टाकला की कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येतो. फार चांगली व्यवस्था. पण पहिली एमओटी होते गाडी तीन वर्षांची झाल्यावर. जपानमध्ये शाकेन नावाची तपासणी असते, तिच्या दाखल्यावरही मीटरचा आकडा असतो. पहिली शाकेन तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. म्हणजे आपल्या नियमात बसणारी गाडी नेमकी त्या काळातली असते, ज्या काळाची सरकारी नोंद तिच्या मायदेशातही नाही. घेणाऱ्याला सुरक्षित वाटतं ते ‘तीन वर्षांच्या आतली’ या शब्दांमुळे, आणि साक्षीदार नाही तोही नेमका त्याच तीन वर्षांचा.

ब्रिटनहून येणाऱ्या गाडीत आणखी एक सापळा आहे. तिथे मीटर मैलांत असतं, आपल्याकडे किलोमीटर लागतात. ३०,००० मैल म्हणजे ४८,००० किलोमीटरपेक्षा जास्त. डिजिटल मीटरमध्ये सेटिंग बदललं की आकडा आपोआप बदलतो. पण डॅशबोर्डवरचं मीटरचं क्लस्टर बदलून नवं बसवताना त्यात ३०,००० हाच आकडा टाकला, की १८,००० किलोमीटर गायब होतात, आणि तेही कायद्याला किलोमीटर हवेत या सबबीखाली. क्लस्टर बदललं असेल तर बदलतानाचं बिल आणि त्या दिवशीचा मैलांचा आकडा दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जपानच्या गाडीसोबत ऑक्शन शीट येतं. श्रीलंका, पाकिस्तान, केनिया इथले घेणारे या कागदाशिवाय गाडीला हात लावत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. लिलावगृहाचा तपासनीस, जो विकणाऱ्याचाही नसतो आणि घेणाऱ्याचाही नसतो, तो गाडीच्या आकृतीवर खुणा करतो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्ती झालेला भाग, दोन एक्स म्हणजे बदललेला पत्रा. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितकं नुकसान जास्त. वर कोपऱ्यात ग्रेड. ४.५ ची गाडी छान, ३.५ ची बरीच वापरलेली, आणि ‘आर’ दिसला की गाडीचा सांगाडा कधीतरी दुरुस्त झाला आहे. मीटर संशयास्पद असेल तर तसंही शीटवर लिहिलेलं असतं. पण हा एक कागद आहे, आणि कागदाचा फोटो कापता येतो. ग्रेडचा कोपरा कापलेलं किंवा कमेंट पुसलेलं शीट दाखवलं गेलं, तर ते शीट नाही असंच समजा. चासी नंबर देऊन लिलावाच्या नोंदीतून शीट स्वतः मागवा. जपानी वर्षंही समजून घ्या. शीटवर ‘आर ३’ असेल तर ते रेवा युगाचं तिसरं वर्ष, म्हणजे २०२१. ‘एच ३०’ म्हणजे हेसेई ३०, अर्थात २०१८. जपानच्या देशांतर्गत गाड्यांना सतरा अक्षरी व्हीआयएन नसतो, त्यामुळे चासी नंबरावरून साल ओळखायची इथल्या एजंटची सवय तिथे कामाची नाही. निर्यात दाखल्यावरची पहिल्या नोंदणीची तारीख हाच आधार.

आणि या सगळ्याच्या आधी एकच कागद मागा, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने छापे घातले. भूतानमार्गे ड्युटी बुडवून आणल्याचा आणि खोट्या कागदांवर नोंदवल्याचा संशय असलेल्या महागड्या गाड्यांचा तो शोध होता. अशी गाडी तुम्ही पूर्ण किंमत मोजून, सगळं खरं समजून घेतली असली, तरी ती जप्त होऊ शकते. आरसी हातात आहे म्हणजे सगळं झालं, असं मानू नका.

एवढं सगळं एका सामान्य घेणाऱ्याने करावं, ही अपेक्षाच मला संतापजनक वाटते. घेणाऱ्याने गुप्तहेर का व्हावं? जर्मनीने २००५ पासून मीटर मागे घेणं हा स्वतंत्र गुन्हा केला, एक वर्षापर्यंत कैद. बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’शिवाय जुनी गाडी विकता येत नाही आणि त्यावर आजवरच्या नोंदींतले किलोमीटर असतात. अमेरिकेने १९७२ मध्येच कायदा केला. तिथे मालकी बदलताना विकणारा मीटरचा आकडा लिहून देतो आणि तो खरा आहे म्हणून सही करतो. आपल्याकडे फसवणुकीची कलमं आहेत, ग्राहक आयोग आहे, पण तिथे जाऊन आकडा खोटा आहे हे सिद्ध करायचं कोणी? फसलेल्या माणसाने. ज्याच्याकडे एकही जुनी नोंद नाही त्याने.

काही हालचाल झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात असताना ट्रिप रजिस्टर ठेवावं लागतं, किलोमीटरसकट. डीलरकडे गेलात तर दोन्ही दाखवायला सांगा. पण डीलरच्या अंगणात गाडी पंधरा दिवस असते आणि मालकाच्या दारात दहा वर्षं. विमा आपण दर वर्षी करतो, बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी वर्षाला होते. पीयूसीवाला गाडीजवळ उभा राहून नंबर प्लेटचा फोटो काढतोच, त्याने मीटरचाही काढावा. तो आकडा ‘वाहन’ या सरकारी पोर्टलच्या नोंदीत जावा आणि गाडीचा नंबर टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसावा. त्यासाठी नवं खातं नको, नवा कर नको. आणि मालकी बदलताना भरायच्या फॉर्म २९ मध्ये चासी नंबराखाली एक रकाना वाढवा: विक्रीच्या दिवशीचे किलोमीटर, आणि पुढे विकणाऱ्याची सही.