चौथी शिफ्ट

गुरुवार हा दत्ताचा वार. आकुर्डी, पिंपरी, भोसरीत तो यंत्रांचाही वार आहे. साऱ्या औद्योगिक वसाहतींनी एकाच दिवशी सुट्टी घेतली तर विजेच्या मागणीचा मेळ बसत नाही, म्हणून वीज मंडळाने कधीकाळी साप्ताहिक सुट्टीचे वार वाटून दिले आणि आमच्या पदरात गुरुवार पडला. पुढे २००५ साली त्या मंडळाच्याच वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. आमचा गुरुवार मात्र अभंग राहिला.

घरात याचा परिणाम असा, की कारखान्यातल्या नवऱ्याला सुट्टी गुरुवारी, शाळेत शिकवणाऱ्या बायकोला आणि पोरांना रविवारी, आणि हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्या मेव्हण्याला शनिवार-रविवार दोन्ही. अख्खं कुटुंब एकत्र दिसतंय असा फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये सापडलाच, तर त्यातल्या मोठ्या माणसांची बोटं नीट बघा. शाई दिसेल. फोटो मतदानाच्या दिवशीचा असतो.

गुरुवारचा एक फायदा मात्र कबूल केला पाहिजे. रविवारी ज्या लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, ते गुरुवारी बऱ्यापैकी मोकळं मिळतं. आकुर्डी स्टेशनात लोकल पकडायची. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव करत तासाभरात लोणावळा. पण बायको शाळेत, पोरं शाळेत, मग जायचं कुणाबरोबर? ज्यांना गुरुवारीच सुट्टी आहे त्यांच्याबरोबर, म्हणजे एकाच लाइनवरच्या चौघांनी. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर वाहत्या पाण्यात बसून चार माणसं गंभीर चेहऱ्याने बोलताना दिसली, तर कुणाच्या घरी काही वाईट घडलंय असं समजू नका. मंगळवारी रिजेक्शन का वाढलं, यावर खल चाललेला असतो. संध्याकाळी चिक्कीचा पुडा घेऊन घरी आलं की बायको एवढंच म्हणते, "आलात एकटे फिरून?" लोणावळ्यात चिक्कीचे प्रकार पुष्कळ मिळतात, पण या प्रश्नावर चालेल असा एकही नाही.

तेव्हा लोणावळा ही चैन. आकुर्डीकराचा खरा प्रवास गावाकडे. लातूर, बीड, परभणी, नांदेड, बुलढाणा, जळगाव, सोलापूर, सातारा. इथे दार ठोठवावं तिथे एक जिल्हा निघतो. ज्यांचं गावच आकुर्डी, ते बिचारे सुट्टीत इथेच राहून बाकीच्यांच्या ट्रॅव्हल्स उभ्या असलेल्या रस्त्यातून स्वतःच्या घराची वाट काढत बसतात.

कारखान्यात फर्स्ट, सेकंड आणि थर्ड अशा तीन शिफ्ट असतात आणि तिन्हींचा पगार मिळतो. गावाला जाणं ही चौथी शिफ्ट. हिला पगार नाही, ओव्हरटाइम नाही, कँटीन नाही, आणि गैरहजेरी लागली तर खुलासा थेट आईला द्यावा लागतो.

ही शिफ्ट बुधवारी रात्री खंडोबा माळाच्या चौकात सुरू होते. ट्रॅव्हल्सचा थांबा म्हणजे हायवेच्या कडेची टपरी, तिच्यावर गावांची नावं रंगवलेली पाटी आणि प्लास्टिकच्या खुर्चीत दोन फोन घेऊन बसलेला एजंट. गाडी साडेआठची. पावणेनऊला आपण भीत भीत विचारतो.

"गाडी कुठंय?"

"निघालीय. पाच मिनिटं."

"निगडीतून निघाली का?"

"निघालीय म्हणलो ना साहेब. तुमचं सीट कुठलं? अपर? मग कशाला घाई करताय?"

अपर बर्थचा आणि घाईचा संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती होत नाही. साडेनऊला ती गाडी दोन-तीन किलोमीटरवरच्या निगडीतून येऊन पोचते. मग चिंचवड, पिंपरी, नाशिक फाटा, संगमवाडी, हडपसर. प्रत्येक ठिकाणी आणखी एक टपरी, आणखी एक एजंट आणि 'पाचच मिनिटं'. मध्यरात्रीच्या सुमाराला खिडकीचा पडदा सारून पाहावं तर पुण्याचीच पाटी. लातूरला जाणारी गाडी पहिले तीन तास महापालिकेची हद्द सोडत नाही.

जाणकारांच्या लक्षात आलं असेल, हा रस्ता फार जुना आणि फार पवित्र आहे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की इनामदार वाड्यातल्या मुक्कामानंतर दुसऱ्या रात्री आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात उतरते. पुढे पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला, आणि बुधवारची आमची गाडीही वरवंडपर्यंत याच गावांवरून जाते. फरक एवढाच, की पालखीचं वेळापत्रक आधी छापून येतं आणि पालखी त्याप्रमाणे चालते. तिथे वाटेत अन्न हात जोडून वाढतात. आमच्या गाडीतल्या मंडळींना ते रात्री दीड वाजता भिगवणच्या आसपास एका ढाब्यावर मिळतं. ड्रायव्हर-क्लीनर आतल्या खोलीत जातात आणि त्यांच्या ताटात काय येतं हे बाहेर कळत नाही. बाहेर शेवभाजी असते. झोपेतून उठवून शेवभाजी खायला लावणं यापेक्षा कठोर व्रत वारकरी संप्रदायातसुद्धा सांगितलेलं नाही.

रेल्वेने का जात नाही, असं विचारणारे भेटतात. रेल्वे आहे ना! मुंबईहून लातूरला जाणारी एक्सप्रेस रात्री आकुर्डी स्टेशनातूनच जाते. थांबत नाही. रुळालगतच्या इमारतीत राहणाऱ्या लातूरकराला आपल्या गावची गाडी बेडरूमच्या खिडकीतून दिसते, हॉर्नही ऐकू येतो, पण तिच्यात बसायचं तर आधी लोकलने पुणे स्टेशन गाठायचं आणि मागून येणाऱ्या तिची तिथे वाट बघायची. २०१७ साली ही गाडी आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली, तेव्हा बिदरवाले आमच्या जागा खाणार म्हणून लातुरात आंदोलनं झाली. आकुर्डीतले लातूरकर गप्प राहिले. ज्या गाडीत आपल्याला चढताच येत नाही, तिच्यात बसायला कुणाला मिळालं यावर बोलणार काय?

राहता राहिली एसटी. १ जून १९४८ला पुणे-नगर धावली ती पहिली गाडी. तेव्हापासून महाराष्ट्रात गावाला जाणं आणि एसटी यांची सोयरीक आहे. पिंपरीत वल्लभनगरचं आगारही आहे. हल्ली तिचं अर्थशास्त्र कौटुंबिक झालंय. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. म्हणजे घरात ज्याची पगाराची स्लिप येते, तो एकटाच पूर्ण पैसे भरतो. आई फोनवर म्हणते, "तू कशाला पैसे घालतूस, मला फुकट हाय, मीच येते." आणि येत नाही. शेळी आहे ना घरी. शेळीला सवलत अजून जाहीर झालेली नाही. निवडणूक आली की बघू.

जुन्या पिढीचं बरं होतं. आकुर्डीत बनलेली चेतक घ्यायची, पुढे पोरगं उभं करायचं, मागे बायको आणि तिच्या मांडीवर धाकटी, की निघाले साताऱ्याला. आता त्याच आकुर्डीत विजेवरची चेतक बनते. तिच्यावरून लातूरला जायचं म्हटलं, तर चार्जिंगच्या मुक्कामांची यादी पालखीसारखी आधी छापून घ्यावी लागेल.

दिवाळीत तर चौथी शिफ्ट सक्तीची. खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावं, असं राज्य सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलंय. लोकांना वाटतं एजंट हा नियम मोडतात. तसं नाही, ते तो वेगळ्या पद्धतीने वाचतात. सरकार एसटीच्या भाड्याची दीडपट धरतं, एजंट स्वतःच्या कालच्या भाड्याची धरतो, आणि रोज धरतो. तक्रार करता येते की! तिकीट मात्र जोडावं लागतं. ते तिकीट म्हणजे हस्तपत्रिकेएवढा गुलाबी कागद; त्यावर सीट नंबर असतो, गणपती असतो, 'सामानाची जबाबदारी प्रवाशाची' असतं, आणि रकमेच्या जागी एजंटाने पेन चालतं का हे तपासलेलं असतं.

असो. सकाळी गाडी लातूरला टेकते. तिथून काळीपिवळी, तिच्यात दहाव्या सीटवर तेरावा माणूस होऊन आपण गावात उतरतो. पारावरचे आजोबा एका दमात दोन प्रश्न टाकतात, "कधी आलास? कधी चाललास?" उत्तरं दोन्ही 'आजच' अशी आहेत, त्यामुळे त्यांचंही काम सोपं होतं. तिसरा प्रश्न अवघड असतो. "परमनंट झालास का?" गावाच्या हिशेबी पिंपरी-चिंचवडमध्ये एकच कंपनी आहे, तिचं नाव टेल्को, आणि गावचं जे पोरगं पुण्याला गेलं ते टेल्कोत लागलं. आपण एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, ठेकेदाराच्या हजेरीपटावर दर काही महिन्यांनी 'ब्रेक' घेत बुशिंग कापतो, हे पाराला समजावणं एका गुरुवारचं काम नाही. आपण म्हणतो, "होईल आता." आजोबा म्हणतात, "साहेबाला भेट." कोणत्या साहेबाला, हे त्यांनाही माहीत नाही आणि आपल्यालाही.

मग चुलते येतात. "आलाच हायस तर मोटार बघ की जरा. चालू होईना." पुतण्या यंत्रावर काम करतो, म्हणजे जगातलं यावत् यंत्र त्याच्या हातचं. आकुर्डीत तो चालवतो ते मशीन काचेच्या दारामागे आपापलं चालतं, स्क्रीनवर आकडे येतात, काही बिघडलं तर हा लाल बटण दाबून मेंटेनन्सवाल्याला हाक मारतो. इथे बोअरच्या कडेला लिंबाच्या खोडाला ठोकलेली गंजकी पेटी, दाराला बिजागरीऐवजी तार. आत फ्यूजच्या जागी तांब्याचे पदर पिळून घातलेले, कोपऱ्यात कुंभारमाशीचं घर, आणि स्टार्टरच्या वरच्या बाजूला एक पाल, जी हललीच नाही. आपण चप्पल घालून, काठीने पालीला विनंती करून, टेस्टर लावून, एकेक वायर सोडवून पुन्हा बांधतो. घाम पुसतो. हिरवं बटण दाबतो. काही नाही. पुन्हा दाबतो. चुलते बांधावर बसून तंबाखू मळत असतात. शेवटची चिमूट तोंडात टाकून ते म्हणतात, "तसं बी या आठवड्यात लाइट रातच्यालाच येती."

एकाच विजेने आपल्याला गुरुवार दिला आणि चुलत्यांना रात्रपाळी. त्यामुळे आपण पोचतो तेव्हा ते जागरण करून बसलेले आणि आपणही जागरण करून आलेले, अशी दोन पेंगुळलेली माणसं बंद मोटारीकडे बघत राहतात. आमच्या घराण्यात भेट म्हणतात ती हीच.

त्यानंतर तलाठ्याकडे सातबारा, रुसलेल्या आत्याकडे चहा, लग्न ठरलेल्या घरी पुन्हा चहा, वारलेल्या घरी बिनसाखरेचे दोन शब्द. दिवस मावळताना आई पोतं भरायला घेते. ज्वारी, तुरीची डाळ, शेंगदाणे, येसर, करडईच्या तेलाचा कॅन, वरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंबाडी. "तिकडं सगळं मिळतं गं," असं एकदा म्हणून बघावं. आई ऐकत असल्यासारखं करते आणि पोत्यात गुडघा घालून आणखी दोन किलो कोंबते. डिकीत टाकायचे पैसे, उतरल्यावर रिक्षाचे पैसे, आणि लिफ्ट बंद असेल तर वॉचमनला चहापाणी, हे सगळं मिळवून ती ज्वारी बासमतीच्या भावात पडते. पावसाळ्यात तिच्यात सोंडे होतात. तेही खानदानी, औसा तालुक्यातले, टाकवत नाहीत.

शुक्रवारी सकाळी सहाला पुन्हा खंडोबा माळ. पोतं घरात लोटायचं आणि सातच्या ठोक्याला पंच करायचा. शेजारचा विचारतो, "काय, झाला का आराम?" आपण म्हणतो, "एकदम फ्रेश." खरा आराम आता सुरू होतो. मशीनचं दार बंद केलं की एक सायकल संपेपर्यंत कुणी काही मागत नाही; परमनंट झालास का विचारत नाही; मोटार बघ म्हणत नाही. एका कंपनीने कामगारांचा ताण ओळखून काम आणि घर यांचा समतोल कसा राखावा यावर दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं होतं. कामाचा खोळंबा नको म्हणून गुरुवारी.

यावर उपाय एकच, लातूरच्या गाडीला आकुर्डीत दोन मिनिटांचा थांबा. आमच्या सोसायटीतल्या जाणत्यांनी तसं निवेदनही लिहून काढलंय. बैठक गुरुवारी ठेवली तर रविवारवाले नसतात, रविवारी ठेवली तर गुरुवारवाले ड्युटीवर, आणि थर्ड शिफ्टवाल्यांच्या दाराला 'बेल वाजवू नये' अशी चिठ्ठी. शेवटी सह्यांचा कागद वॉचमनच्या टेबलावर ठेवला, येता-जाता ज्याने त्याने करावी म्हणून. पहिली सही त्यालाच करायला सांगितली. त्याने निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "ही गाडी पुढं नांदेडला जाती का?"

नाही म्हटल्यावर त्याने पेन परत खिशाला लावलं.