टाकीत मावलेले टँकर

आमचे सासरे वाळवा तालुक्यातले. चार एकर ऊस, त्यामुळे बोलणंही गोड. परवा पुण्यात आले आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी माझ्या गाडीवर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, ही इथेनॉलवर करून टाका. अरबाचं तेल आणण्यापरीस आपला ऊस काय वाईट हाय?"

सासऱ्यांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलो. गाडी २०११ ची. त्याने आधी गाडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. "रबरी पाइप, सील, गॅस्केट. इथेनॉल जुनं रबर खातं. मग पंप, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं ट्यूनिंग. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी गंजली तर टाकी. आरटीओचं तुमचं तुम्ही बघा."

"म्हणजे काय काय राहील?"

"हॉर्न," तो म्हणाला.

तशी ती पाचवा हिस्सा बाटलेलीच आहे. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळूनच येतं, आपल्याला कोण विचारतो? निव्वळ पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीचं मायलेज याने सहा-सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं. त्याबदल्यात ग्राहकाला करसवलत द्यावी, असंही होतं. घट वेळेवर पोचली. सवलत अजून टोलनाक्यावरच्या रांगेत असावी.

आता हिशेब. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. ब्राझीलवाले १९७५ पासून या धंद्यात, तरी पेट्रोलच्या ७० टक्के भावाच्या आत असेल तरच ते इथेनॉल भरतात. इथे पेट्रोल शंभरीपार. उसाच्या रसाचं इथेनॉल कारखान्याच्या दारातच ६५ रुपये ६१ पैसे. वर जीएसटी, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन. उरली ती चिल्लर. तिच्यातून नवा पंप आणि इंजेक्टर फिटेपर्यंत गाडी भंगारात आणि मी काठीवर.

तरी मी मन घट्ट केलं होतं. पण त्याच अहवालात पुढे एक आकडा दिसला: साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलला पाणी लागतं २,८६० लिटर. माझी टाकी ३७ लिटरची. गुणाकार केला, पुन्हा केला. एक लाख पाच हजार आठशे वीस! आमच्या सोसायटीत येतो तो टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे एकदा टाकी फुल्ल केली की साडेदहा टँकर गाडीत.

घरी परतलो तर गेटवर सेक्रेटरी हातात वही घेऊन उभे. टँकर आला नव्हता. मी गाडी अशी लावली की टाकीचं झाकण भिंतीकडे राहील.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून सासऱ्यांचा आवाज आला, "पाव्हणं, नळाला पाणी न्हाई की!"