आधी पाऊल, मग बूट

पहिला वाढदिवस. केक आला, फुगे आले, आणि भेटवस्तूंच्या ढिगातून बुटांचे चार जोड निघाले. एक चूं चूं वाजणारा. एक टाचेत दिवे लागणारा. एक हुबेहूब मोठ्या माणसाच्या स्पोर्ट्स शूजसारखा. चौथा काळा, चकचकीत, साहेबी. आणि उत्सवमूर्ती? ती अजून सोफा धरून उभी राहते आहे.

त्या घरात बुटांची घाई नसलेलं ते बाळ एकटंच होतं.

चालायला शिकणाऱ्या मुलाला बूट कशासाठी लागतात? "पायाला आधार मिळावा म्हणून," दुकानदार सांगतो. आई मान हलवते, बाबा पैसे काढतात. कसला आधार, हे विचारायचं राहूनच जातं.

मागच्या महिन्यात अशाच एका दुकानात उभा होतो. 14 महिन्यांची मुलगी, तिची आई आणि समोर विक्रेता. "ताई, आत्तापासून घोट्यापर्यंत कडक बूट घातले नाहीत तर पाय फेंगडे राहतील." आईचा चेहरा उतरला. 1200 रुपयांचा जोड दोन मिनिटांत खपला. भीती विकत घेताना कोणी घासाघीस करत नाही.

फेंगडे म्हणजे काय हो? बहुतेक सगळ्या बाळांचे पाय धनुष्यासारखे वाकलेलेच असतात. दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात. तीन-चार वर्षांचं झालं की उलट गुडघे एकमेकांना लागायला लागतात. सात-आठ वर्षांपर्यंत पाय मोठ्यांसारखे दिसतात. हे सगळं आपोआप होतं, बूट असोत वा नसोत. त्या आईला जे दोष म्हणून दाखवलं, ती वाढ होती.

सपाट तळव्याचंही तेच. आंघोळीनंतर ओलं पाऊल फरशीवर उमटतं ते भरलेलं, मध्ये खाचच नाही. आजी म्हणते, "अगं, पाय सपाट आहे, दाखवून घे." आजीची काळजी खरी आहे. पण बाळाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, तिच्यामुळे कमान दिसत नाही. कमान पहिल्या दहा वर्षांत हळूहळू घडते.

आणि ती घडवणारा बूट अजून कोणी बनवलेला नाही. अमेरिकेत सपाट तळव्याच्या लहान मुलांना तीन वर्षं 'सुधारणारे' बूट आणि बुटात बसवायचे आधार देऊन पाहिले. 1989 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाय सगळ्यांचेच सुधारले. ज्यांना काहीही दिलं नव्हतं, त्यांचेसुद्धा.

अमेरिकेचं अमेरिकेत ठेवा, म्हणता? मग शेजारी चला.

कर्नाटकातल्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. त्यातली काही मुलं चपला-बूट घालणारी, काही अनवाणी वाढलेली. पायात काही ना काही घालणाऱ्यांत सपाट पावलं 8.6 टक्के. अनवाणी मुलांत 2.8 टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सगळ्यात जास्त, सँडल-चप्पलवाल्यांत त्याहून कमी. हा अभ्यास 1992 सालचा. आज त्याला तीस वर्षं उलटून गेली, आणि दुकानात अजून कमान घडवायला बंद बूटच पुढे केला जातो.

ही मुलं चालायला शिकणारी नव्हती, मोठी होती, हे मान्य. एका पाहणीवरून बूट आणि सपाट पाऊल यांचं नातं पक्कं सिद्ध होत नाही, हेही मान्य. पण याच मंडळींच्या गटाने 1995 मध्ये 1846 प्रौढांचे पाय तपासले, तेव्हाही लहानपणी लवकर बूट चढवलेल्यांतच सपाट पावलं अधिक निघाली. बूट घातल्याने पाय सुधारतो, असं दाखवणारी आकडेवारी विक्रेत्याकडे असेल तर त्यानेही ती काउंटरवर ठेवावी.

आता पायाच्या आतलं पाहू. मोठ्या माणसाच्या एका पायात 26 हाडं. बाळाच्या पायात त्यातली बरीचशी अजून मऊ कूर्चाच असतात. कमानीतलं नावेच्या आकाराचं एक हाड तर तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक्स-रेत दिसू लागतं. म्हणून घट्ट बूट बाळाला टोचतोच असं नाही. ते रडत नाही. बोटं निमूट दुमडतात आणि पाय बुटाचा आकार घेऊ लागतो.

"रडत नाही, म्हणजे बरोबर बसला" हे वाक्य बुटाच्या दुकानातून कायमचं हद्दपार व्हायला हवं.

अनवाणी बाळाला चालताना नीट पाहिलंय कधी? पायाची बोटं पसरतात, जमीन पकडतात, सोडतात. तळव्याला थंड-गरम, खडबडीत-गुळगुळीत कळत राहतं आणि त्यावरून तोल सावरतो. जाड सोल मध्ये आला की ही सगळी बातमी वाटेतच अडते. शिकणाऱ्याच्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याला अक्षरं गिरवायला सांगतो का आपण?

पण बाळ पडतं ना! हो, पडतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांच्या मुलांचा मोकळा खेळ चित्रित करून मोजला. 2012 मध्ये आकडे आले : तासाला सरासरी 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं.

तासाला 17 वेळा! आणि 17 वेळा उठणं. चालणं असंच शिकलं जातं. आपण तिसऱ्या पडण्यालाच बुटाच्या दुकानाकडे निघतो.

घाईचं मूळ बहुतेक वेळा शेजारी असतं. "आमचा तर दहाव्या महिन्यात चालायला लागला." मग या घरात धाकधूक. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांची वाढ नोंदवली, त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती. एकट्याने चालण्याचं वय निघालं सव्वाआठ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. काही निरोगी मुलं तर रांगलीच नाहीत, थेट चालली. शेजारच्या बाळाचा आणि तुमच्या बाळाचा सामना लागलेला नाही.

18 महिने झाले तरी पाऊल पडत नसेल, एकच पाय ओढत असेल, किंवा चालणारं मूल अचानक लंगडू लागलं, तर डॉक्टर गाठा. बुटाचं दुकान नव्हे.

याच घाईतून वॉकर येतो. मध्ये बसवायचं, खाली चाकं, बाळ घरभर सुसाट. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली, कारण बाळं जिन्यावरून कोसळत होती. चालणं त्याने लवकर येत नाही ते वेगळंच. आपल्याकडे तो अजून बारशाला भेट म्हणून दिला जातो. आपल्या जुन्या पांगुळगाड्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून गाडा ढकलायचं, वजन स्वतःचं स्वतः पेलायचं. वॉकर म्हणजे नवा पांगुळगाडा, असं समजणाऱ्यांनी दोन्हींत बाळ कुठे असतं एवढंच आठवावं.

मग बूट घालूच नयेत का? असं कोण म्हणतंय?

घरात अनवाणी. बाहेर बूट. इतका सोपा हिशोब आहे.

विदर्भात मे महिन्यात दुपारच्या अंगणात बाळाचा तळवा ठेवून बघा, असं कोणताही शहाणा माणूस सांगणार नाही. रस्त्यावर काचा, खिळे, काटे. पावसाळ्यात ओल्या मातीत हुकवर्मच्या अळ्या, आणि त्या थेट तळव्याच्या कातडीतून शरीरात शिरतात. तिथे पाय झाकलेलाच हवा. बुटाचं काम राखणीचं आहे. शिकवणीचं नाही.

घरात बूट नकोत, म्हणून मोजे चढवणारीही मंडळी आहेत. शेणाने सारवलेली जमीन, कोबा, शहाबादी फरशी यांवर पाय टिकायचा. आजच्या गुळगुळीत टाइल्सवर साधे मोजे म्हणजे घसरगुंडी. थंडी असेल तर तळाला रबराचे ठिपके असलेले मोजे घाला. नाहीतर तेही काढा.

आता दुकानात जायचंच असेल तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. बाळाला उभं करा आणि मग माप घ्या, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. मांडीवर बसवून घेतलेलं माप खोटं. दोन्ही पायांचं घ्या आणि मोठ्या पायाचं धरा. अंगठ्यापुढे एक सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. आणि "वर्षभर पुरेल" म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका. सैल बुटात पाय पुढे सरकतो आणि बाळ त्याच बुटाला अडखळतं.

नंबरावर विसंबूही नका. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरचा. युरोपीय मापाची पट्टीच वेगळी. दोन कंपन्यांचा '4' एकसारखा असेलच असं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत 2024 मध्ये सुचवली गेली. तिच्या आठ गटांत पहिला गट एक वर्षाच्या आतल्या बाळांचा, दुसरा एक ते तीन वर्षांच्या मुलांचा. म्हणजे आजवर आपण रुंद पाय अरुंद बुटांत कोंबत आलो.

मग खरी परीक्षा. बूट हातात घ्या आणि वाकवा. चवड्यापाशी, जिथे बोटं सुरू होतात, तिथे तो सहज वाकला पाहिजे. मधोमध मोडला तर नको. वाकलाच नाही तर मुळीच नको. पुढचा भाग रुंद हवा, अंगठा ते करंगळी पाचही बोटं हलली पाहिजेत. टाच उंच नको. वजन नावापुरतं. बूट टिकेल की नाही, हे शेवटी विचारा. तो दोन-तीन महिन्यांत लहानच होणार आहे.

दोन-तीन महिन्यांत! म्हणून तर महागडा घेऊ नका. आणि म्हणूनच दर दोन महिन्यांनी माप पुन्हा पाहा.

चूं चूं वाजणारे बूट? आवाजासाठी मूल टाच आपटत चालतं. शिवाय आतली शिट्टी निघाली की पहिली तोंडात जाते. दिव्यांच्या बुटात बारीक सेल असतो. सोल फाटून तो बाहेर आला आणि गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. हे वाचून तुमच्या घरातला जोड आत्ता उचलून तपासा, लेख नंतर वाचला तरी चालेल.

दादाचे जुने बूट धाकटीला? कपडे द्या, झबली द्या, दुपटी द्या. वापरलेला बूट दादाच्या पायाच्या वळणावर झिजलेला असतो. धाकटीचं वळण तिचं तिला ठरवू द्या.

कोल्हापुरीचा छोटा जोड फोटोत फार गोड दिसतो. फोटोपुरताच घाला. कडक चामडं या वयासाठी नाही.

एक अपवाद मात्र मोठ्या अक्षरांत. काही बाळांचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं, त्याला क्लबफूट म्हणतात. त्यावर पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात आणि मग पट्टीने जोडलेले खास बूट देतात. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. पाऊल सरळ दिसू लागलं, बाळ कुरकुरतं, शेजारीण म्हणते "काय हाल करता लेकराचे", आणि घरचे बूट काढून ठेवतात. पाऊल पुन्हा वळतं. ते बूट डॉक्टर सांगतील तोपर्यंत काढू नका. कुणीही काहीही म्हणो.

बाकी सगळ्या बाळांना मोकळी, कोरडी, स्वच्छ जमीन पुरेशी आहे. ती द्यायला पैसे लागत नाहीत. टीपॉय भिंतीकडे सरकवावा लागतो, जिन्याला आडवं फाटक लावावं लागतं, आणि कोणीतरी शेजारी बसावं लागतं. बूट घेणं त्याहून सोपं वाटतं, खरी अडचण ही आहे.

पुढच्या पहिल्या वाढदिवसाला जाताना बुटांच्या दुकानात थांबू नका. रंगीत चेंडू न्या. तो बाळासमोर सोडा आणि त्याचे मोजे काढा.