रिकाम्या बाटल्यांच्या दानशूरास अनावृत पत्र

रा. रा. बाटलीदाते यांस,
मुक्काम एडिसन, न्यू जर्सी

स. न. वि. वि.

परवा आपण आमच्या दारात रिकाम्या बाटल्यांची दोन खोकी ठेवलीत, बेल दाबलीत आणि मी दार उघडेपर्यंत गाडी वळणावरून दिसेनाशीही झाली. खोक्यावर चिठ्ठी होती: 'तुझ्या वाईनसाठी. मजा कर!' रीसायकलिंगचा डबा आपल्या गराजला लागून उभा असताना आपण एवढं पेट्रोल जाळून आमचं घर गाठलंत, हे औदार्य पाहून गहिवरून आलं.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. मी दात मोजले नाहीत. फक्त एकेक बाटली खिडकीपाशी उजेडात आडवी धरली.

वाईनच्या बाटलीचा तळ आतून वर उचललेला असतो आणि त्याच्या भोवताली एक अरुंद खाच असते. आपला सगळा संसार त्या खाचेत सापडला. जांभळा गाळ सुकून त्याच्या खपल्या झाल्या होत्या आणि खपल्यांवर पांढरट-हिरवी बुरशी चढली होती. एका बाटलीत लिंबाची फोड होती; ती आत कशी गेली हे कळतं, बाहेर कशी काढायची हे कळत नाही. एकीत मनीप्लँटची मुळं आणि काचेला धरलेलं शेवाळ. एकीला समईच्या तेलाचा वास. आणि एकीत सिगारेटचं थोटूक. आपण सिगारेट सोडल्याचं वहिनी सगळ्यांना कौतुकानं सांगत असतात. मी त्यांना काही बोलणार नाही. पत्र अनावृत आहे, एवढाच काय तो प्रश्न.

आता आपल्या शास्त्रीय मतांकडे वळू, कारण बाटल्यांसोबत आपण सल्लेही फुकट देता. आपलं पहिलं मत असं: "अरे, दारूच भरायची ना त्यात? दारूत कोण जिवंत राहतंय?"

राहतात, साहेब. हात निर्जंतुक करायच्या द्रावणात अल्कोहोल निदान ६० टक्के असावं लागतं. घरच्या वाईनमध्ये ते १२-१३ टक्के असतं. तेवढ्याला अॅसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू भीत तर नाहीतच, उलट हवा मिळाली की ते अल्कोहोलच खातात आणि त्याचं अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, करून ठेवतात. झाकण न लावता ओट्यावर सोडलेल्या बाटलीभोवती जी चिलटं घोंगावतात, त्यांच्या अंगाखांद्यावरून ही मंडळी आत उतरतात. बाटली बुचानं बंद केली की हवेअभावी त्यांची वाढ खुंटते, पण ती लगेच मरत नाहीत. ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट तर हवेची फारशी पर्वाही करत नाही. ते वाढलं की वाईनला तबेल्याचा नाहीतर बँडेजचा वास येतो. लुई पाश्चरनं १८६६ साली वाईन आणि तिचे आजार या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो उगीच नव्हे. अशा बाटलीतल्या वाईननं माणूस सहसा आजारी पडत नाही, वाईनच आजारी पडते. म्हणून तर आपल्याला इतकी वर्षं काही फरक पडलेला नाही.

फार लांब जायला नको. आपल्याच न्यू जर्सीत, व्हाइनलँड गावी, थॉमस वेल्च नावाचे दंतवैद्य राहत. चर्चमधल्या विधीसाठी त्यांना न आंबणारा द्राक्षरस हवा होता. १८६९ साली त्यांनी रस बाटल्यांत भरून, बुचं लावून, बाटल्या गरम पाण्यात उकळल्या. आतलं यीस्ट मेलं आणि रस रसच राहिला. बाटलीत काय होणार, हे आत कोण जिवंत आहे त्यावर ठरतं. दंतवैद्याला दीडशे वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आपल्यासारख्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टला कळायला हरकत नसावी.

आपलं दुसरं मत: "धुवायची कशाला? ते निर्जंतुक करायचं औषध मार ना वरून." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मळावर औषध चालत नाही. सुकलेल्या गाळाच्या आत जिवाणू सुखरूप बसतात आणि औषध वरच्यावर वाहून जातं. आपल्या आईची लोणच्याची बरणी आठवून पाहावी. आधी घासणं, मग कडक उन्हात वाळवणं, कोरड्या फडक्यानं पुसणं आणि सगळ्यात शेवटी निखाऱ्यावर हिंग टाकून त्याची धुरी. खरकट्या बरणीला हिंगाची धुरी दिलेली त्या माउलीनं चालवून घेतली असती का? वाईनच्या बाटलीचं शास्त्र याहून वेगळं नाही: आधी स्वच्छ करायची, मग निर्जंतुक करायची, आणि हा क्रम उलटायचा नाही.

त्यामुळे आपल्या दानाचं पुढे काय होतं, तेही ऐका. टबात गरम पाणी आणि सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडल्यावर त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. बाटल्या रात्रभर त्यात बुडवून ठेवायच्या. साध्या गोंदाची कागदी लेबलं सकाळी आपोआप तरंगत वर येतात. स्टिकरची लेबलं येत नाहीत. ती उलथन्यानं खरवडायची आणि चिकटा तेल लावून काढायचा. मग लांब दांड्याचा वाकडा ब्रश तळाच्या खाचेत फिरवायचा, बाटली पुन्हा उजेडात धरायची, पुन्हा ब्रश, दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं खळबळायची. उकळतं पाणी थेट गार बाटलीत ओतायचं नाही, काच तडकते. हे सगळं झालं म्हणजे बाटली फक्त स्वच्छ झाली.

निर्जंतुक करणं हे त्यापुढचं आणि खरं तर सोपं काम. जुनी पद्धत पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्याची. त्यात थोडं सायट्रिक आम्ल घातलं की सल्फर डायऑक्साइड चांगला सुटतो. दम्याच्या माणसानं मात्र त्याच्या जवळपास फिरकू नये. मी स्टार सॅन नावाचं औषध वापरतो. १९ लिटर पाण्यात ३० मिली, बाटलीला मिनिट-दोन मिनिटांचा स्पर्श, मग उलटी करून निथळायची आणि ओली असतानाच वाईन भरायची. धुवून काढायची गरज नसते आणि राहिलेल्या फेसानं वाईनचं काही बिघडत नाही. पाहा, औषधाला दोन मिनिटं लागतात. बाकी सगळा वेळ आपल्या खपल्यांचा.

आपलं तिसरं मत ब्लीचचं. "ब्लीच घाल, सगळं साफ!" ब्लीचमधला क्लोरीन, लाकडातली किंवा बुचातली फिनॉल गटातली द्रव्यं आणि बुरशी एकत्र आली की टीसीए नावाचं संयुग तयार होतं. बुचाची वाईन नासवणारा गुन्हेगार म्हणून १९८२ साली त्याची ओळख पटली. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. ब्लीच लावलेली काच भरपूर पाण्यानं धुतली तर निर्धोक होतेही. पण बुचं ज्या खोलीत ठेवतो तिथे ते बाळगायचंच कशाला? शिवाय स्टार सॅन आम्लधर्मी. ब्लीच नीट धुतलं गेलं नाही आणि त्यावर आम्ल पडलं, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. आपला सल्ला मी मानला असता तर वाईनऐवजी अग्निशमन दल आलं असतं.

राहता राहिली आपली तक्रार. मंडळाच्या दिवाळी फराळात आपण चारचौघांत म्हणालात, "मी त्याला खोकी भरभरून बाटल्या देतो आणि परत येते एक!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. आधी नियम समजून घ्या. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन वाईन घरगुती वापरासाठी करता येते. ती विकता येत नाही. म्हणजे आपल्याला मिळते ती भेट आहे, बाटल्यांचा मोबदला नव्हे. हिशेबच मांडायचा झाला तर समईच्या तेलाच्या बाटलीवर मला आपल्याकडून घासणावळ येणे निघेल.

म्हणून यापुढच्या अटी लिहून देतो. शेवटचा पेला ओतल्यावर, झोपायच्या आधी, बाटलीत अर्धी बाटली कोमट पाणी घ्या, अंगठ्यानं तोंड दाबून जोरात हलवा, ओता. पुन्हा एकदा तेच. मग उलटी करून निथळू द्या. गाळ ओला असतो तोवर तो पाण्याबरोबर निघून जातो. दुसऱ्या दिवशी तोच गाळ माझा रविवार खातो. बूच आत ढकलू नका. तेल, फिनेल आणि मनीप्लँट यांच्या बाटल्या त्यांच्याकडेच सुखानं नांदू द्या. आणि थोटकांसाठी अॅशट्रे नावाची वस्तू मिळते, वहिनींनी घरात येऊ दिली तर.

अटी मान्य नसतील तरी हरकत नाही. येत्या दिवाळीला आपल्या वाट्याची वाईन आपल्याच बाटलीत भरून पाठवीन, आपण दिली त्याच अवस्थेत. मग ती कशी लागते, ते फराळाच्या वेळी चारचौघांत अवश्य सांगा.

कळावे, लोभ असावा, निदान पाण्याचा तरी नसावा.

आपला,
बाटल्याघाशा

ता. क. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या परत न्याव्यात. त्यांची मान बुचासाठी घडवलेली नसते; बूच ठोकताना ती फुटू शकते, आणि एकदा उघडलेलं ते झाकण पुन्हा पहिल्यासारखं घट्ट बसत नाही.