काढून टाका!

निफाड तालुक्यात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागायतदाराला देवापेक्षा ब्लोअर जास्त लागतो. वेली पोंग्यात असतात, आभाळ भरून येतं, मोबाइलवर डाउनीचे इशारे सुरू होतात आणि नेमका तेव्हाच ब्लोअर चालवणाऱ्या मिनी ट्रॅक्टरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसतो. मार्चमध्ये, माल गेल्यावर, शेडमध्ये उभा असताना ट्रॅक्टर तापल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. यंत्रालाही हंगाम कळतो.

ट्रॅक्टर बागेच्या तोंडाशी थांबला की पाच मिनिटांत सल्लागार मंडळ जमतं. त्याला निवडणूक लागत नाही. शेजारच्या तात्यांनी लांबूनच निदान केलं, ‘रेडिएटर चोक.’ मेव्हणे म्हणाले, ‘वॉटर पंप गेला.’ एकाने आवाज खाली आणून ‘हेड गॅस्केट’ असा शब्द उच्चारला आणि सगळे क्षणभर गप्प झाले, कारण त्या शब्दामागे किती हजार असतात ते प्रत्येकाला पाठ आहे. चुलतीने लिंबू-मिरची बांधायला सांगितली. तिचा सल्ला सगळ्यात स्वस्त होता, म्हणून तो आधी अमलात आला.

वास्तविक रोग समोर दिसत होता. इंजिनाला हात लावता येत नव्हता आणि रेडिएटर खालपर्यंत गार. पंख्याचा पट्टा ताठ, जाळीतला पाला आणि औषधाची पांढरी पूड सकाळीच हवा मारून उडवलेली, पाणी गळ्यापर्यंत भरलेलं. म्हणजे तापलेलं पाणी इंजिनात होतं, त्याला थंड करणारा रेडिएटर दोन वितींवर होता, आणि मध्ये कोणीतरी दार लावून बसलं होतं. त्या दाराचं नाव थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅट म्हणजे पंगतीत ‘सगळी पानं वाढून होऊ द्या’ म्हणत कोणाला घास उचलू न देणारी आजी. इंजिन सुरू झालं की हा गडी पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरवतो. पाणी 82 अंशांना पोहोचलं की हळूहळू उघडायला लागतो आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडतो. आत ना वायर, ना सेन्सर. पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ते तापून वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग झडप परत लावते. मेणाची ही युक्ती सर्जियस व्हर्नेट या माणसाने 1930 च्या दशकात बसवली आणि अजून तिच्यात फारसा बदल करावासा कोणाला वाटलेला नाही. पण बोअरचं क्षारांचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की झडपेवर पांढरा थर चढतो, मेणाची डबीही म्हातारी होते, आणि एक दिवस दार लागलं ते लागलंच.

मिस्तरी आले. त्यांनी बॉनेटसुद्धा पूर्ण उघडलं नाही.

‘थर्मोस्टॅट ना? काढून टाकू.’

‘आणि नवा?’

‘नवा कशाला भाऊ? ते बाहेरच्या देशातल्या थंडीसाठी असतंय. आपल्याकडं कुठं थंडी?’

हे वाक्य निफाडात उभं राहून म्हणायला धाडस लागतं. दर हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी सबंध महाराष्ट्र चहाबरोबर वाचतो. आमचं बाकी काही छापून आलं नाही तरी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान छापून येतं. मणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. वेलीला ऊब हवी हे आम्हाला समजतं. इंजिनालाही हवी, हे मात्र पटत नाही.

खरं सांगायचं तर मिस्तरींचा राग थर्मोस्टॅटवर नव्हता. ‘थांबा’ म्हणणाऱ्या कोणत्याही गोष्टीशी आपलं जमतच नाही. वाजणारा सीटबेल्टचा बझर काढून टाका, ट्रिप होणारा ब्रेकर थेट जोडा, एअर फिल्टरने दम कोंडतो म्हणून तोही काढा. थर्मोस्टॅट त्याच यादीतला. काढल्यावर काटा खाली येतो, मालक खूश, मिस्तरी खूश. पुढचं काट्यावर दिसत नाही. गार इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, उरलेलं रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, सिलिंडर झिजतो. डिझेल जास्त लागतं ते वेगळंच. शिवाय काही इंजिनांत हीच झडप उघडताना इंजिनातला आतला रस्ता बंद करते. ती नसली की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं आणि भर उन्हात इंजिन तापायचं ते तापतंच. दोन-तीन हंगामांनी इंजिनाच्या बोअरचं काम निघतं. तेव्हा मिस्तरी तेच असतात, बिल वेगळं असतं.

मिस्तरींना चहा पाजून निरोप दिला आणि इंजिन पुरतं गार होऊ दिलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्याचे हात कसे होतात ते गावात पाहायला मिळतं. खालच्या कॉकमधून हिरवं कूलंट बादलीत काढून बादली उंचावर ठेवली. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, आणि आमचा कुत्रा गोडाला नाही म्हणत नाही.

वरची नळी जिथे इंजिनाला मिळते तिथे एक ॲल्युमिनियमचं झाकण असतं, दोन बोल्टांवर. बारा नंबरचा पाना लावला. पहिला बोल्ट मुकाट सुटला. दुसऱ्याने किर्रर्र असा आवाज केला. अशा वेळी जोर लावणारा माणूस बोल्टचं डोकं हातात घेऊन घरी येतो. म्हणून गंज सोडवायचं तेल मारलं, हातोडीने हलकं ठोकलं, थोडा पुढे थोडा मागे करत त्याची मनधरणी केली. झाकण निघालं. आत चुनखडीने माखलेला, घट्ट मिटलेला थर्मोस्टॅट. चुना खरवडल्यावर काठावर ठोकलेला आकडा दिसला: 82.

पण आरोप सिद्ध व्हायला हवा. दूध डेअरीवाल्या चुलतभावाकडून थर्मामीटर आणला आणि घरात पातेलं मागितलं.

‘अहो, त्यात काय उकळणार?’

‘ट्रॅक्टरचा पार्ट.’

एक पोचे पडलेलं पातेलं बाहेर आलं. मागोमाग हुकूम आला, ‘हे परत आत आणायचं नाही.’ अंगणात गॅस मांडला, थर्मोस्टॅट बुडाला टेकणार नाही असा दोऱ्याने पाण्यात सोडला. सल्लागार मंडळ पुन्हा हजर. 82 झाले, 90 झाले. झडप हलेना. आमच्या उंचीवर पाणी 98 च्या आसपासच उकळतं, तिथवर गेलं, बुडबुडे आले, तरी झडप मिटलेलीच. ‘मी आधीच म्हणलो होतो,’ तात्या म्हणाले. ते रेडिएटर म्हणाले होते.

पिंपळगावच्या दुकानदाराने खोकी हलवून धूळ खाली पाडली. ‘थर्मोस्टॅट मागतंय कोण आता? हा 76 चा आहे. घेऊन जा, अजून गार राहील.’ राहत नाही. हा आकडा फक्त दार कधी उघडायचं ते ठरवतो. उघडल्यावर किती थंड करायचं ते रेडिएटर आणि पंख्याचं काम. 82 चा सापडेपर्यंत मी काउंटरवरून हललो नाही. किंमत फवारणीच्या एका चांगल्या औषधापेक्षा कमी.

बसवण्यात फार काही नाही. जुना गॅस्केट खरवडून पृष्ठभाग स्वच्छ, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवा निघायचं बारीक भोक वरच्या अंगाला, बोल्ट आळीपाळीने आवळायचे. मग कूलंट, आणि त्यात बोअरचं पाणी अजिबात नाही. बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर विकत आणणारे आपण इंजिनाला मात्र विहिरीवर नेतो.

चालू करून बसल्यावर डोक्यात भलतंच आलं. तापमान आपोआप राखणारं यंत्र पहिल्यांदा केलं ते कॉर्नेलिस ड्रेबेल या डच गड्याने, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अंडी उबवायच्या पेटीसाठी. कोंबड्यांसाठी! म्हणजे शेतकऱ्याच्याच कामाची वस्तू निघाली, आणि मिस्तरी तिला परदेशी म्हणतात.

तुमच्याकडे मिनी ट्रॅक्टर असेल तर उद्या सकाळी गार इंजिन सुरू करा आणि, बाही नि बोटं पंख्यापासून लांब ठेवून, रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवा. बराच वेळ गार राहून मग ती एकदम तापली, तर थर्मोस्टॅट कामावर आहे. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर तो उघडा अडकलाय किंवा कोणीतरी तुम्हाला न सांगता काढून टाकलाय. नवा बसवून घ्या. कंपनीने दिलेल्या आकड्याचाच घ्या, आणि मिस्तरी हसले तर हसू द्या.