परत एकदा, पण सहज!

हल्ली बऱ्याच मराठी घरांत सकाळचा चहा दोनदा होतो. एक रीलसाठी, दुसरा पिण्यासाठी. रीलचा चहा मुद्दाम उतू घालवतात, कारण त्यात ‘खरं आयुष्य’ दिसतं. पिण्याचा उतू गेला तर मात्र दुधाचा भाव ऐकावा लागतो.

पूर्वी लोक समाजमाध्यमांवर सुंदर दिसायचे. पण निळे समुद्र आणि इस्त्रीचे चेहरे पाहून प्रेक्षक कंटाळले आणि त्यांना ‘आपल्यातलं कुणीतरी’ हवंसं झालं. मागणी तसा पुरवठा. देखण्या मंडळींनी लगेच गबाळं दिसण्याची तालीम सुरू केली. केस आधी नीट विंचरायचे, मग बेताने विस्कटायचे. मागच्या पलंगावर कपड्यांचा ढीग हवा, पण कपडे धुतलेले आणि एकमेकांना शोभणारे. ‘माझा रोजचा लोकल प्रवास’ रविवारी दुपारी रिकाम्या डब्यात टिपायचा, कारण रोजच्या लोकलमध्ये खिशातून फोन काढायलाही हात मोकळा नसतो.

या उद्योगातला सगळ्यात स्वस्त कलाकार म्हणजे आई.

“आई, पसाऱ्यावरून ओरड ना जरा.”

“कसला पसारा? आज तर तू सगळं आवरलंस.”

“परत टाकतो. तू ओरड.”

आई ओरडते. “परत एकदा, पण सहज!” आई पुन्हा ओरडते. “आता चेहऱ्यावर थोडं प्रेम आण.” तिसऱ्या खेपेला आई मनापासून ओरडते, पण ते वापरता येत नाही. आवाज फाटतो.

नव्या पिढीला उगाच नावं ठेवू नयेत. ही खोड सिनेमाइतकीच जुनी आहे. 1895 मध्ये फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी आपल्याच कारखान्यातून सुटणारे कामगार चित्रित केले. यापेक्षा साधं, रोजचं दृश्य कुठलं असणार? पण त्याच्या तीन आवृत्त्या सापडतात आणि जाणकार त्या घोडे मोजून ओळखतात. एकीत एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत एकही नाही. म्हणजे वास्तव जन्माला आलं आणि लगोलग त्याचा रिटेक झाला! त्यातही मालकाच्याच कॅमेऱ्यासमोर कामगारांनी पुन्हा सुटून दाखवलं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं. भांडवल देणाऱ्याला पटवायचं होतं, तेव्हा हेतू शुद्ध व्यावहारिकच. मात्र फाळके वाटाण्याला “परत एकदा उगव, पण सहज” असं म्हणाले नसावेत.

खरेपणाची शिस्त लावण्याचा प्रयत्नही झाला. फ्रान्सच्याच ‘बीरिअल’ नावाच्या ॲपमध्ये दिवसातून एकदा, कधीही घंटी वाजायची. दोन मिनिटांत पुढचा-मागचा दोन्ही कॅमेरे वापरून जसे असाल तसे दिसायचं. लोकांनी तोडगा काढला. घंटी वाजली तरी थांबायचं आणि काहीतरी बरं घडलं की उशिराने खरं व्हायचं. 2024 मध्ये एका मोबाइल गेम कंपनीने हे ॲप 50 कोटी युरोंना विकत घेतलं. खरेपणाला मोल नसतं असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

आपलं सरकारही या निरागसतेकडे डोळसपणे पाहतं. 1 जुलै 2022 पासून धंद्यात मिळणाऱ्या भेटवस्तूंचं मोल वर्षाला 20,000 रुपयांच्या वर गेलं, तर देणाऱ्याने 10 टक्के कर कापण्याचा नियम आला. कर खात्याने पुढे खुलासाही केला. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ नव्हे, ठेवून घेतली तर लाभ. त्यामुळे ‘माझ्या आजीच्या काळापासूनचा विश्वास’ असलेला मिक्सर परत गेला की राहिला, यावर त्या विश्वासाचा कर ठरतो. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने आणखी बजावलं की पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करत असाल, तर तसं ठळक सांगा. दिशाभूल केल्यास 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. म्हणून ‘मनातलं काही’ सांगतानाही कोपऱ्यात ‘सशुल्क भागीदारी’ अशी पाटी दिसते.

माझी एवढीच सूचना की पाट्या थोड्या वाढवाव्यात. ‘पोहे आईने केले. फोन बाबांनी धरला. मुद्दाम सांडलेलं पीठ कामाच्या मावशींनी पुसलं, जादा पैसे न घेता.’ सिनेमा संपल्यावर नावं येतात, तशी इथेही यावीत. प्रेक्षकांशी नातं जोडायला निघालेल्यांची घरातल्यांशी निदान तोंडओळख होईल.

ही सूचना मी एका आईला ऐकवली. तिला नाव नको होतं. “नावाचं काय करू?” ती म्हणाली. “माझा वाटा काढायला सांगा. दहा टक्के कापून दिला तरी चालेल.”